कोंडीची चौदा मिनिटं

कोंडीचा आवाज माझ्या हातून गेला, त्याला आता दोन महिने होतील. यंत्र बिघडलं म्हणून गेला, असं मी लोकांना सांगू शकले असते. पण तो मी पुसला, आणि पुसल्याचं सतरा दिवस कुणाला सांगितलं नाही.

कोंडी माझी मैत्रीण, कडाव गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतली. तिथल्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. मधल्या सुट्टीत माझी पोळी-भाजी तिच्याकडे जायची आणि तिच्या टोपलीतले उकडलेले करांदे, रानातले कंद, माझ्याकडे यायचे. निवृत्त झाल्यावर वाटलं, वाडीतल्या बायकांना रानातलं जे ठाऊक आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकता आलं पाहिजे. माझी नात सुरभी कॉम्प्युटरमधली. तिने एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर साइट करून दिली. "लिनक्सचा आहे, आजी. अगदी छोटा, पण तुझ्या बायकांना पुरेल."

मी फोनवर रेकॉर्ड करायची आणि साइटवर चढवायची. चौथं रेकॉर्डिंग कोंडीचं, चौदा मिनिटांचं. कडू करांदे राखेच्या पाण्यात कसे उकळायचे ते सांगता सांगता ती मध्येच म्हणते, "बाई, तुमी एकदा कच्चाच चावला व्हता, आठवतंय का?" आणि हसत सुटते. मागे कोंबडा आरवतो, तरी हिचं हसणं चालूच.

गेल्या आषाढात कोंडी गेली.

भातकापणीच्या सुमारास साइट अडायला लागली. लांब रेकॉर्डिंग चढवताना अर्ध्यावर थांबायचं आणि इंग्रजीत एक ओळ उमटायची, की मेमरी देता येत नाही. मी सुरभीला फोन केला.

"रविवारी येऊन बघते. तोवर कशाला हात लावू नकोस हं."

तो रविवार तिला जमला नाही. माझ्याकडे चढवायची सहा रेकॉर्डिंग पडून होती. आमच्या घरात नवं भात यायच्या आधी कणगी रिकामी करून सारवून ठेवायची रीत. उरलेलं जुनं आधी बाहेर काढायचं. सासूबाईंनी शिकवलं, मी पन्नास वर्षं केलं. इथेही जागा भरली असणार, असं मी धरून चालले. गुरुवारी सकाळी सर्वांत जुनी नऊ रेकॉर्डिंग पुसली. त्यांचा आवाज तसाही खरखरीत होता, आणि सुरभीकडे प्रती असतीलच असं वाटलं. कोंडीच्या नावापाशी बोट थांबलं होतं. तरी पुसलं.

पुढचं रेकॉर्डिंग लगेच चढलं. मी खूश. ते पाचच मिनिटांचं होतं म्हणून चढलं, हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी लांबलचक एक पुन्हा अडलं. नेमका संध्याकाळी सुरभीचा फोन.

"कशाला हात नाही ना लावलास?"

"नाही गं," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

आणखी दोन रविवार गेले. तिसऱ्याला ती आली आणि लॅपटॉप उघडून बसली.

"हे बघ, डिस्क पंचवीस जीबी, त्यातली सोळा रिकामी. जागेचा प्रश्नच नाही."

"मग कशाचा?"

"कामाच्या मेमरीचा. ती एकच जीबी आहे. आवाजाची फाइल लहान करणारा प्रोग्राम सुरू झाला की तो भरमसाट मागतो. कधी त्याला नकार मिळतो, कधी लिनक्स चालू कामातल्या कुणाला तरी मारून टाकतं. लॉगमधल्या नोंदी बघ, चारदा डेटाबेसचा बळी गेलाय."

"म्हणजे कणगी रिकामी, पण खळं लहान."

"अगदी तसंच. आता डिस्कवरची दोन जीबी जागा स्वॅप म्हणून देते. खळ्याला लागून पडवीत चटई घातल्यासारखं. काम हळू होईल, पण अडणार नाही."

चार ओळी टाइप केल्या, झालं. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग सावकाश, पण पूर्ण चढलं. मी चहा ठेवला. सांगायचं तर तेव्हाही सांगता आलं असतं.

दुपारी सुनिता आली. कोंडीची मुलगी, माझ्या वर्गात होती. आता माथेरानला हॉटेलात कामाला आहे. तिने पिशवीभर करांदे आणले होते.

"बाई, आयचा आवाज माझ्या फोनात घालून द्या. वरती रेंज येते नि जाते. मोबाइलातच असला म्हंजे कवाबी ऐकता येईल."

सुरभीने शोधलं. पुन्हा शोधलं. "आजी, चौथं दिसत नाही. पहिली नऊच्या नऊ नाहीत."

तेव्हा मी सांगितलं.

सुरभी प्रती तपासत राहिली. मग म्हणाली, "चौदा दिवसांच्या प्रती ठेवते मी. त्याआधीच्या आपोआप जातात. तुझ्या जुन्या फोनात?"

"तो देऊन नवा घेतला."

"मी विचारलं होतं तुला. त्या दिवशी पाच मिनिटांत परत आणलं असतं." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सुनिता आमच्या दोघींकडे बघत होती. "म्हंजे आता नाय?"

"नाही, सुनिता. माझ्यामुळे."

"चौथीत मी नकाशा फाडून कपाटामागं लपवला, तवा तुमी काय बोलला व्हता?"

"चूक झाली की त्याच दिवशी सांगायची."

"हां." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "करांदं कसं उकळायचं ते मला ठावं हाय. ते मी सांगन, फोनात भरा पुन्यांदा. मला आयचं हसणं पायजे व्हतं."

चहा न घेताच ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "पिशवीत कडू करांदंपन हायत. उकळून घ्या, बाई. कच्चं चावू नका."

सुरभीही निघून गेल्यावर मी करांदे चिरले, पातेल्यात पाणी घेतलं, शेजारून मूठभर राख मागून आणून घातली. गॅस पेटवला. किती वेळ उकळायचे आणि पाणी किती वेळा बदलायचं, ते काही केल्या आठवेना. कोंडीने सगळं नीट सांगितलं होतं. सुनिताला फोन करून विचारता आलं असतं. फोन हातात घेतला, आणि परत ठेवला.