खिडकीवरून गेलेलं पाणी

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे टोकनबाई म्हणत. एकवीस वर्षं ती त्याच टेबलामागे बसून नंबर वाटत होती. सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की घरी नवऱ्याने हाक मारली तरी तिच्या तोंडून "बसा, बोलावते" असंच निघायचं.

वरच्या मजल्यावरच्या बसायच्या खोलीत, खिडकीला लागून, एक माणूस आडवा मावेल एवढी माशांची काचेची टाकी होती. तिची देखभाल करणारा माणूस दीड महिन्यापूर्वी दुसरीकडे कामाला गेला आणि तेव्हापासून पाणी बदललंच नव्हतं. काचेवर हिरवट थर धरला होता. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. सकाळीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कुणाला हवी असेल तर देऊन टाकू. जिवांचे असे हाल मला बघवत नाहीत."

"आज दुपारी मी बदलते पाणी," टोकनबाई म्हणाली होती. म्हणायला काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

दुपारी खोली रिकामी झाली. बाकावर एकच म्हातारा उरला. काल त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर पट्टी होती, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला, की त्याला उजेड-अंधार सोडून काही कळत नव्हतं. पट्टी चार वाजता निघायची होती. त्याला घेऊन आलेली लेक खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. तो काठीवर दोन्ही हात ठेवून देवळातल्या मूर्तीसारखा स्वस्थ बसला होता.

टोकनबाईने मोरीतून बादली आणली. कंबर धरलेली, म्हणून बादली स्टुलावर ठेवली, वाकायला नको. टाकीखालच्या कप्प्यातून जुनी पारदर्शक नळी काढली. तिच्या एका टोकाला रुंद तोंड होतं, तळाच्या खड्यांतली घाण ओढायला. ते पाण्यात सोडलं आणि आधीचा माणूस करायचा तसं दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. घोटभर पाणी घशात गेलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. बादलीत मात्र बोटभर धार पडली, मग थेंब थेंब, मग तेही नाही. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"मेलीला ओढच नाही," ती पुटपुटली.

"नळी श्वास घेतेय, ताई," बाकावरून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. म्हातारा समोरच्या भिंतीकडेच तोंड करून होता.

"काय म्हणालात, काका?"

"बारीक सुसकारा येतोय. कुठेतरी भोक आहे, तिथून हवा शिरतेय. आणि बादली तुम्ही वर ठेवलीय. स्टुलावर का?"

टोकनबाईचे हात तिथेच थांबले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी पडल्याचा आवाज आखूड होता. जमिनीवरच्या बादलीत पडलं असतं तर लांब आला असता." तो जरासा हसला. "अडतीस वर्षं पाणीखात्यात पाइप टाकले मी. कामाच्या माणसाचे डोळे गेले तरी कान पेन्शनवर जात नाहीत."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्याला हाताला धरून टाकीपाशी आणून बसवलं. त्याने आधी काच चाचपली, मग पाण्यात बोट बुडवून पातळी पाहिली, मग हात खाली नेत नेत बादलीच्या काठापर्यंत आणला.

"हे बघा, वीतभर फरक आहे फक्त. नळी पाणी ओढत नाही, ताई. सगळ्यांना तसंच वाटतं. पाणी पडतं. पुढचं पडतं, म्हणून मागचं त्याच्या पाठोपाठ येतं. जितकं खोल पडेल तितका जोर. बादली खाली ठेवा."

तिने कंबरेला हात लावत बादली फरशीवर ठेवली. त्याने नळी मागून घेतली आणि हातावरून सरकवत सगळी तपासली, एखाद्याने मण्यांची माळ ओढावी तशी. जिथे ती दर वेळी टाकीच्या काठावरून वळायची तिथे अंगठा थांबला.

"इथे कडक झालीय. वाकवली की तडा उघडतो. पाण्यात बुडलेल्या भागाला भोक असतं तर एवढं बिघडलं नसतं, पण हा वरचा भाग. इथून हवा आत शिरते आणि पाण्याची साखळी तुटते. डोळ्यांना लावता ती चिकटपट्टी आहे ना?"

ती तर दवाखान्यात ढिगाने होती. टोकनबाईने चार वेढे घट्ट मारले. "आता तोंडाने ओढू नका," तो म्हणाला, "अख्खी नळी पाण्यात बुडवा, बुडबुडे संपेपर्यंत. मग एक टोक अंगठ्याने बंद करून बाहेर काढा."

तिने तसं केलं. अंगठा सोडला आणि बादलीत धार पडली ती करंगळीएवढी, अखंड, घर्र घर्र न करता. तळाच्या खड्यांतून तपकिरी ढग उठले, रुंद तोंडात शिरले, काठापर्यंत चढले आणि खाली गेले. तिने हा प्रकार वर्षानुवर्षं पाहिला होता, टोकनं वाटता वाटता. पण आज पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं, की पाणी आधी वर चढतंय. कुणी ढकलत नाही, मोटर नाही, वीज नाही. आपल्या आपण वर चढतंय.

"काका, हे वर कसं जातं हो?"

तो म्हणाला, "मी नवा होतो, तेव्हा एका वस्तीला पाणी द्यायचं होतं. झरा टेकाडाच्या पलीकडे. टेकाड चार पुरुष उंच. वस्ती पार खाली उतारावर. सगळे म्हणाले, पंप पाहिजे. आमचा मुकादम म्हणाला, नको. टेकाडावरून पाइप टाकला, दोन्ही टोकं बंद करून वरच्या तोंडातून घागरींनी पाणी ओतून भरला, बूच मारलं आणि दोन्हीकडचे व्हॉल्व्ह सोडले. मी टेकाडावर होतो. तिथे बघायला काहीच नव्हतं, सगळं लोखंडाच्या आत. पण पाइपवर हात ठेवला तर तो थंड होत गेला. झऱ्याचं पाणी माझ्या हाताखालून डोंगर ओलांडत होतं. मी तसाच बसून राहिलो. मुकादमाने शिव्या घालून खाली बोलावलं."

बादली भरली. टोकनबाई ती उचलायला गेली आणि कंबरेतून कळ निघाली. तोंडातून "आई गं" आलं.

"किती बादल्या काढायच्या?"

"दहा-बारा तरी. एक तृतीयांश काढतात, काचेवर खूण आहे."

"खिडकीखाली काय आहे?"

"फुलझाडांचे वाफे. वॉचमनदादा लावतात." एवढं बोलून ती थांबली, कारण पाणी कुठे सोडायचं ते तिला समजलं होतं.

तिने बोलावलं तसा वॉचमन झाडांना पाणी घालायची लांब नळी घेऊन वर आला. त्याला आधी ही थट्टा वाटली. "खिडकी टाकीहून वर आहे, बाई. पाणी उडी मारून जाणार का?" पण म्हाताऱ्याने सांगितलं तसं त्याने नळीचं टोक वाफ्यात सोडलं, खाली जाऊन ते दुमडून धरलं. टोकनबाईने वरच्या टोकातून बेसिनच्या नळाने ती काठोकाठ भरली. मग जुन्या नळीचं रुंद तोंड त्यावर बसवलं, चिकटपट्टी गुंडाळली, मासा आत जाऊ नये म्हणून त्यावर ड्रेसिंगचा जाळीदार कपडा बांधला आणि हवा जाऊ न देता ते पाण्यात बुडवलं.

"दादा, सोडा," तिने खाली सांगितलं.

नळीला झटका बसला. खिडकीच्या कठड्यावर ती सापासारखी ताणली गेली. तळातली दीड महिन्यांची घाण क्षणात जाळीकडे धावली. खालून वॉचमनचा आवाज आला, "अहो, हे तर पंपासारखं येतंय."

टोकनबाईने कठड्यावरच्या नळीवर तळवा ठेवला. आतून काहीतरी जड, थंड, जिवंत जात होतं, मांजर कुशीत गुरगुरावं तसं. एवढी वर्षं या खोलीत बसले, आणि हे इथेच होतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तिने म्हाताऱ्याचा हात धरून नळीवर ठेवला. त्याने मान हलवली.

पाणी खुणेच्या अर्ध्या वाटेवर आलं तेव्हा म्हाताऱ्याला पट्टी काढायला आतून बोलावणं आलं. वॉचमनने खालचं टोक दुमडून त्यावर वीट ठेवली. "वरचं तोंड पाण्यातच राहू द्या," म्हातारा उठता उठता म्हणाला, "म्हणजे साखळी तुटत नाही. दिवसभर वाट बघेल."

पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा औषधं घेऊन आलेली लेक त्याला धरून होती आणि पट्टी नव्हती. तो सावकाश खोलीभर पाहत होता, लहान मूल बाजारात पाहतं तसं. टोकनबाईकडे पाहून म्हणाला, "तुम्ही माझ्या अंदाजापेक्षा उंच निघालात." लेकीने घाई केली, डोळ्याला ऊन लागायला नको म्हणून काळा चष्मा चढवला, आणि दोघं जिना उतरली.

टोकनबाईने खिडकीतून वॉचमनला खूण केली. विटेखालची नळी मोकळी झाली आणि पुन्हा धार सुरू झाली, न चुकता, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून मोरीत कायम भरून ठेवलेल्या दोन पिंपांतलं शिळं पाणी टाकीत घालायला तयार होतं. वरचे मासे आता खाली उतरून स्वच्छ खड्यांत काहीतरी हुंगत होते. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ टाकीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे मग इथेच."

टोकनबाई "हो" म्हणाली, पण तिचं लक्ष खाली होतं. म्हातारा वाफ्यापाशी थांबला होता. लेक त्याची बाही ओढत होती. त्याने काठी तिच्याकडे दिली, वाकून धारेखाली ओंजळ धरली आणि नव्या डोळ्याने त्या पाण्यात पाहत राहिला. पाणी ओंजळीतून ओसंडत होतं, चपला भिजत होत्या.

टाकीतलं पाणी खुणेला टेकलं. नळीचं तोंड आता वर उचलायला हवं होतं. टोकनबाईने नळीला हात घातला आणि तसाच ठेवला. खुणेखाली दोन बोटं गेलं तर काही बिघडत नव्हतं.