पहिल्या प्याल्याचा मान

थॉमसिन पेटिट नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. लग्नाच्या दिवशी ही गोष्ट तिला जितकी टोचली, तितकीच ती आता तिच्या अभिमानाची झाली होती, कारण राणीचंही तसंच होतं. राणी मेरी उंचीपुरी, आणि राजा विल्यम जेमतेम तिच्या खांद्याला लागणारा, वर दमेकरी. थॉमसिनचा जोनासही दमेकरीच. लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा राणी दीड दिवस रडली होती म्हणे. थॉमसिन नुसती एक संध्याकाळ रडली होती.

"म्हणजे मी राणीपेक्षा शहाणी," बिअर ओतता ओतता ती गिऱ्हाइकांना सांगायची. "आणि पुढं तीही त्याच्यावर जीव टाकायला लागलीच की! हॉलंडात त्याच्या बागेत फुलझाडं लावत बसली. बुटक्या माणसांत काहीतरी असतं बघा."

मेडवे नदीच्या काठी, गोदीतले लोक बोटीतून उतरतात तिथंच त्यांची सराई होती. राणीचं नाव तिथं रोज निघायचं, आणि सगळेच काही बरं बोलत नसत. तिचा बाप म्हणजे जुना राजा; त्यानं रोमची वाट धरली, कॅथलिक झाला, मुलगी आपल्या प्रोटेस्टंट देवळाला धरून राहिली. देशानं बापाला हाकललं आणि मुलगी-जावयाच्या डोक्यावर एकाच दिवशी मुकुट ठेवले. त्यासाठी दुसरं सिंहासन नवं करवून घ्यावं लागलं. दोघांनी मिळून राज्य करायचं, हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं ना! "बापाच्या घरात घुसलेली पोर," असं कुणी पुटपुटलं की थॉमसिन त्याचा पेला उचलून घ्यायची. त्यावर वाद घालत बसायला तिला वेळ नव्हता.

आणि त्या जुलैत तर राणीची कुचेष्टा करणाऱ्याला खरोखर लाज वाटायला हवी होती. बाप आयर्लंडात फौज घेऊन उभा, नवरा त्याच्याशी लढायला तिकडंच गेलेला, आणि ही एकटी लंडनमध्ये देश सांभाळत बसलेली. लढाईत कुणीही जिंको, रडायचं हिलाच होतं. राजाबरोबर सामानाच्या गाड्या गेल्या, त्यांतली एक जोनास हाकत होता. निघताना अंगणात खोकत खोकत तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मी येईपर्यंत हिचा शब्द तो माझा शब्द."

पण शब्दाला किंमत माणूस समोर असेपर्यंत. महिन्याच्या सुरुवातीलाच जुन्या राजाची बाजू घेतलेल्या फ्रेंच आरमारानं आमच्या आरमाराला समुद्रात झोडपलं आणि मोडकी जहाजं नदीच्या तोंडाशी येऊन लागली. फ्रेंच उतरणार, फ्रेंच उतरणार, एवढंच जो तो बोलत होता. अशा गडबडीत थॉमसिनचा मोठा दीर एबेल सराईत आला. हॅट न काढताच त्यानं तुळयांकडं पाहिलं.

"छत गळतंय," तो म्हणाला.

"चार वर्षं गळतंय, भावोजी. आजच दिसलं?"

एबेल मेणबत्त्यांचा कारखानदार. सासऱ्याचा धंदा आयता मिळतोय म्हणून यानंच तरुणपणी सराई नको म्हटलं, म्हणून बापानं ती धाकट्याला दिली. आता धंदा चालायला लागल्यावर त्याला ती वडिलोपार्जित वाटू लागली होती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"हे बघ थॉमसिन, वाईट वाटून घेऊ नकोस. नवरा मुलखाबाहेर, दिवस असे. बाईच्या हाती दारूचं दुकान शोभत नाही. मी मॅजिस्ट्रेटच्या कानावर घातलंय. परवाना माझ्या नावावर करून घेऊ, म्हणजे घरातलं घरात राहील."

"आणि मी कुठं राहू?"

"मागं स्वयंपाकघर आहेच की."

थॉमसिनच्या हातात कणकेचं पातेलं होतं. ते तिनं त्याच्या डोक्यावर उपडं केलं नाही, याचं श्रेय पातेलं जड होतं त्याला द्यायला हवं.

आमच्याकडची रीत अशी, की मॅजिस्ट्रेटची बैठक सराईतच भरते. वरच्या मोठ्या खोलीत निवाडे व्हायचे, मग तिथंच जेवण. जेवणाआधी घराच्या यजमानानं टेबलाच्या डोक्याशी उभं राहून पहिला प्याला उचलायचा आणि राज्यकर्त्यांचं नाव घ्यायचं. तो प्याला ज्याचा, घर त्याचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

बैठकीच्या दिवशी मॅजिस्ट्रेट सर हम्फ्री वॅडलो गुडघ्याला हात लावत जिना चढून आले. गरगरीत, आळशी आणि मनानं वाईट नसलेला माणूस. जुन्या राजाच्या वेळीही खुर्चीवर हेच होते, त्यामुळं हल्ली जरा जपून बोलायचे. त्यांच्याबरोबर या वेळी कॅप्टन थ्रेल होता. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला. हरलेल्या लढाईतून तो परत आला होता, आणि जुन्या राजाच्या छुप्या मित्रांना हुडकायचा राणीचा हुकूम घेऊन किनाऱ्यानं फिरत होता. पलीकडच्या गावातून त्यानं दोघांना नेलं होतं. त्यांतला एक तर चक्क पाद्री होता.

एबेलनं आपलं म्हणणं मांडलं. मग थॉमसिन पुढं झाली.

"सरकार, आजची बैठक कुणाच्या नावानं उघडली?"

"राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्या नावानं. तूही ऐकलंस."

"राजे कुठं आहेत?"

"आयर्लंडात."

"मग देश कुणाच्या परवान्यावर चाललाय?"

खोलीत खसखस पिकली. सर हम्फ्रींचे कान लाल झाले. "बाई, तू राणीशी बरोबरी करतेस?"

"बरोबरी कुठली, सरकार! नक्कल करते. चांगल्याची नक्कल करावी, असं देवळात सांगतातच की."

कॅप्टन मिशीत हसला, पण सर हम्फ्री हसले नाहीत. त्यांना भूक लागली होती, आणि भुकेल्या माणसाला नवे विचार पटत नाहीत. "निकाल जेवणानंतर," ते म्हणाले. "तोवर यजमानाच्या जागी एबेल पेटिट उभा राहील. बाईनं पहिला प्याला उचललेला मी जन्मात पाहिला नाही, आणि आज उपाशीपोटी पाहायची इच्छाही नाही."

झालं. म्हणजे निकाल लागलाच होता. थॉमसिन खाली गेली. भट्टीसमोर उभी राहिली आणि तिला ढसाढसा रडू आलं. आठ वर्षं तिनं त्या घराच्या फरश्या घासल्या होत्या, दारुड्यांना उचलून बाहेर ठेवलं होतं, जोनासच्या छातीला रात्र रात्र शेक दिला होता. आता दीर सांगणार, आणि ती वाढणार. मग तिनं तोंड धुतलं आणि मटण भरून भट्टीत भाजलेली पाई वर नेली. पाहुणे उपाशी ठेवायचे नसतात, मग ते कसेही असोत.

सगळे उभे राहिले होते. टेबलाच्या डोक्याशी एबेल, हातात त्याच्या बापाचा चांदीचा प्याला. लहानपणापासून त्यानं बापाला याच जागी, याच प्याल्यानं हे करताना पाहिलं होतं. त्याचा ऊर भरून आला होता, ते दिसत होतं. त्यानं प्याला उंच केला आणि बापासारखाच खणखणीत आवाज काढला.

"राजा!"

आणि प्यायला.

बाकी कुणी प्यालं नाही. बापाच्या काळी राजा एकच असायचा आणि एवढं म्हटलं की पुरायचं. एबेलच्या जिभेला तेच वळण. पण आता राज्यकर्ते दोघं होते, आणि ज्या आठवड्यात राणी एकटी फ्रेंचांसमोर उभी होती, त्याच आठवड्यात तिचं नाव गाळलं गेलं होतं. राणीला न मानणारा माणूस कुठल्या राजाच्या नावानं पितो, या की हाकललेल्या, हे विचारायला कॅप्टनला फार अक्कल लागणार नव्हती. त्यानं आपला पेला हळूच टेबलावर ठेवला. सर हम्फ्रींची तर पाचावर धारण बसली. एबेलला उभं त्यांनीच केलं होतं.

एबेलला आपली चूक कळली, पण प्याला रिकामा झाला होता. चेहरा त्याच्याच मेणबत्तीसारखा पांढरा.

थॉमसिननं ते पाहिलं. नुसतं गप्प राहायचं होतं. दहा श्वास गप्प राहिली असती तर कॅप्टनच्या माणसांनी दिराला जिन्यावरून खाली नेलं असतं आणि सराई तिची झाली असती. हा विचार तिच्या मनात आला, आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण हा मूर्ख होता, गद्दार नव्हता. आणि जोनासचा सख्खा भाऊ होता.

तिनं पाई टेबलावर ठेवली, हाताला लागला तो मडक्याचा पेला उचलला आणि म्हणाली, "आणि राणी!"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"असे काय बघता? राजा विल्यम आणि राणी मेरी! अर्धं भावोजींनी म्हटलं, अर्धं मी. राज्य दोघांचं, तर नाव एकानंच का घ्यावं? आमच्या घरात असंच घेतात." आणि तिनं पेला रिकामा केला.

सर हम्फ्री इतक्या जोरात "राजा आणि राणी!" ओरडले की खालची कुत्री भुंकायला लागली. सगळे प्याले. कॅप्टन मात्र प्यायला नाही.

"थांबा," तो म्हणाला. "मला साधा माणूस समजा आणि एकच सांगा. पहिला प्याला यजमानाचा असतो. यजमान जर पेटिट, तू असशील, तर तू राणीचं नाव घेतलं नाहीस, आणि या बाईनं मागून सारवासारव केली. यजमान जर ही बाई असेल, तर प्याला पुरा झाला आणि माझी काही तक्रार नाही. या घराचा यजमान कोण?"

उत्तर एबेलकडूनच हवं होतं. त्यानं सर हम्फ्रींकडं पाहिलं, तर ते पाईकडं बघत होते. त्यानं बापाच्या प्याल्याकडं पाहिलं. मग थॉमसिनकडं. तिनं नजर हलवली नाही, आणि त्याला मदतही केली नाही. तिच्या वाटणीचं तिनं केलं होतं.

"ही," एबेल म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"ही यजमानीण आहे, कॅप्टन." त्यानं घसा साफ केला. "माझ्या भावानं घर हिच्या हाती दिलंय. मी पाहुणा."

कॅप्टननं पेला उचलला आणि तळापर्यंत प्यायला. सर हम्फ्री घाईघाईनं म्हणाले, "मग प्रश्नच मिटला, परवाना आहे तसाच राहील. आता वाढा कुणीतरी."

एबेल टेबलाच्या डोक्यापासून बाजूला झाला. कुठं बसावं ते त्याला कळेना. थॉमसिननं झग्याला हात पुसले. ती टेबलाच्या डोक्याशी येऊन उभी राहिली आणि उजव्या हाताची खुर्ची तिनं स्वतः मागं ओढली.

"बसा भावोजी," ती म्हणाली, आणि पाईचा पहिला तुकडा तिनं पाहुण्याला वाढला.