गार गाडी

इंजिनाला हात लावला आणि माझं डोकं फिरलं. गरम होतं.

"तात्या, गाडी कोणी चालू केली?"

रंगनाथतात्या शेवंतीच्या वाफ्याकडे बघत राहिले. शेवटी कुसाकाकूंनीच तोंड उघडलं. "मीच म्हनले. शेजारच्या पोरांनी ढकलून चालू केली. तू एवढा पंचवटीतून थंडीत येनार भारत, अन् तुझ्यासमोर गाडीनं नाक कापायचं का?"

घ्या! गाडीचं दुखणं थंडीतलं. रात्रभर गार पडली की पहाटे अडते, एकदा तापली की दिवसभर शहाण्यासारखी चालते. पेशंट बरा करायचा आणि मग डॉक्टरला बोलवायचं, त्यातला हा प्रकार. त्यासाठी मी मखमलाबादला कुडकुडत आलो होतो.

तात्यांची जावा मोटारसायकल माझ्यापेक्षा वयानं मोठी. मागे फुलांची पोती बांधून तात्या रोज पहाटे तिच्यावरून फुलबाजारात जातात. थंडी पडल्यापासून ती सुरूच होईना. मुलगा अमोल म्हणाला, बास झालं, माल टेम्पोनं पाठवू. जुन्या गाड्यांचं एक हौशी गिऱ्हाईकही त्यानं गाठलं होतं, ते उद्या सकाळी येणार होतं. त्याआधी तात्यांनी स्वतः किक मारून गाडी सुरू केली तर विकायची नाही, असं बापलेकांत ठरलं होतं. म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात.

आलोच होतो म्हणून कार्ब्युरेटर खोलला. जेट स्वच्छ. फ्लोट शाबूत, पिन नीट बसलेली. ठिणगीही झकास. खोट सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडली नाही की मला घास गोड लागत नाही.

"पिंढरीला फडकं कसलं, तात्या?"

"सायलेन्सर लागला जरा."

"लागला अन् ह्यांना पत्ताच नाय," काकू म्हणाल्या. "कातडं जळाल्याचा वास मला आला. शुगरवाल्याचं असंच व्हतं म्हनत्यात."

मी हूं म्हणालो. माझं सगळं लक्ष त्या जेटमध्ये. निघताना बजावलं, "उद्या मी येईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही. कापलं नाक तर कापू दे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोचलो. निफाडला पारा उतरला की आमच्याकडेही बोटं वाकत नाहीत. त्यात जीव धास्तावलेला, कारण आज जमलं नाही तर गाडी गेली. इंजिन चाचपलं. छान गार होतं.

"तात्या, रोज करता तसंच करा. मी इथं नाहीच असं समजा."

तात्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला आणि वाकून टिकलर दाबला. टिकलर म्हणजे कार्ब्युरेटरवरचं बारकं बटण. ते दाबलं की आत पेट्रोल चढतं, वर येऊन बोट ओलं झालं की सोडायचं. गार इंजिनाला तेवढं जास्तीचं पेट्रोल लागतं. तात्यांची त्यात हयात गेली, त्यांना बघायची गरज नव्हती. अंधारात बोटाला गार लागलं की त्यांना कळायचं.

तात्या दाबून उभे. पेट्रोलचा वास आला. वास वाढला. मी मोबाइलची बॅटरी लावली. पेट्रोल त्यांच्या बोटावरून वाहून जमिनीवर ठिबकत होतं.

"तात्या..."

"थांब. अजून आलं नाय."

काल पिंढरीचं फडकं बघूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. गाडी पेट्रोल पिऊन गुदमरत होती, आणि पाजणाऱ्याला कळत नव्हतं. हे माणसाला तोंडावर कसं सांगायचं?

"गाडीत काही नाही, तात्या," एवढंच मी म्हणालो.

बॅटरीच्या उजेडात त्यांनी स्वतःचं बोट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आसं हाय तर," ते म्हणाले.

मी कॉक बंद केला, प्लग काढून पुसला, आतलं जादा पेट्रोल किका मारून घालवलं. कॉक उघडून तात्यांना पुन्हा टिकलर दाबायची खूण केली. तेवढ्यात काकू पुढे आल्या. त्यांनी तात्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट लावलं.

"आलं. सोडा."

तात्यांनी किक मारली. दुसऱ्या किकेला जावा फुटफुटली आणि अंगणभर निळा धूर झाला. मला तर नाचावंसं वाटलं.

"जिंकलात, तात्या. आता रोज पहाटे काकूंचं बोट घ्या उसनं. जाऊ द्या त्या गिऱ्हाइकाला परत."

तात्या सीटवर बसले नाहीत. "बोटाचं भागंल, भारत. ब्रेकवरचा पाय बी असाच झालाय. हिला बी बोललो नव्हतो."

काकू पदराला बोट पुसत होत्या, त्या थांबल्या.

"बंद करू का गाडी?" मी विचारलं.

"नगं. गिऱ्हाईक येईल आता. त्याच्यासमोर अडायला नगं. तापू दे."

आम्ही तिघं गाडीभोवती उभे राहिलो. जरा वेळानं तात्यांनी इंजिनावर तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"तापली का गं?"

काकूंनी झटकन त्यांचा हात उचलला आणि पदरात धरला.

"तापली," त्या म्हणाल्या.