गुरुवारचं टपाल

सोमवारी ओंब्या कापायच्या चाकूनं उघडलेलं ते पाकीट वॉल पेंगिलीनं गुरुवारी पुन्हा काढलं, पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "नॅरेल, दार लाव."

आमच्या संशोधन केंद्रातलं ते दार कधी पूर्ण लागत नसे. मॅलीच्या कोरड्या मुलखातल्या उन्हानं चौकट वाकली होती. मी जमेल तेवढं ओढून घेतलं.

पत्र गव्हर्नरच्या कचेरीतून आलं होतं. राणीच्या वाढदिवसाला, जूनमध्ये, जी यादी निघते तिच्यात वॉलचं नाव 'सर' या किताबासाठी घालायचं होतं, तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या वाणाबद्दल. मान्य आहे का, एवढंच विचारलं होतं. यादी जाहीर होईपर्यंत कुणाशीही बोलू नये, अशी खाली एक ओळ होती.

"उत्तर टाइप कर," वॉल म्हणाला. "आभारी आहे, पण नको. जरा बऱ्या शब्दांत."

"नको का?"

"अगं, एकतीस वर्षं या गावात मी नुसता वॉल आहे. शनिवारी पबमध्ये गेलो की मेंढ्या कातरणारी सगळी टोळी माझ्यापुढं गुडघे टेकेल. एकदा नाही, मरेपर्यंत. मी दमलोय, पोरी. मला पेरणी उरकायचीय आणि झोपायचंय."

"इल्माला विचारलंस?"

"कुणाशी बोलू नये, असं लिहिलंय."

"बायको त्यात धरायची?"

"लिहिलंय ना!" वॉल म्हणाला. पेरणीचा आराखडा एकदा कागदावर उतरला की तो पाऊस आला तरी बदलत नसे. या पत्राचंही त्यानं तेच केलं होतं.

एरवी त्याची सगळी पत्रं इल्माच टाइप करायची. म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. विद्यापीठातून येऊन मला चौदा महिने झाले होते आणि माझं काम होतं जुन्या वह्यांतले आकडे एकत्र करण्याचं. एकोणीसशे पस्तीसपासूनच्या त्रेचाळीस वह्या; शेतातल्या कोणत्या ओळीत, गव्हाच्या कोणत्या पानावर तांबेऱ्याचे किती ठिपके. निरीक्षकाच्या रकान्यात सगळीकडे वॉलची आद्याक्षरं होती आणि अक्षर सगळीकडे इल्माचं. कारण साधं होतं. वॉलला हिरव्यावरचा तांबूस रंग दिसत नाही, जन्मापासून. कुठल्या वाणाचा कुठल्याशी संकर करायचा ते तो ठरवायचा, आणि पिकाला काय झालंय ते इल्मा बघायची. केंद्रात हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलून कुणी दाखवत नसे.

मी पत्र टाइप केलं. वॉलनं सही केली. बंद पाकीट घेऊन मी टपालपिशवीत टाकायला शेडमध्ये गेले.

टपाल सोमवारी आणि गुरुवारी जायचं, आणि पिशवी इल्माच्या ताब्यात असायची. ती स्टुलावर बसून भिंगातून पानं बघत होती. मान वर न करता तिनं हात पुढं केला. मी पाकीट दिलं. पत्ता वाचून तिनं भिंग खाली ठेवलं.

"या कचेरीतून आलेलं पाकीट सोमवारी मीच पिशवीतून काढलं," ती म्हणाली. "मागं मुकुट छापलेला. त्यातून शेतसाऱ्याची नोटीस येत नाही, एवढं मला कळतं. तीन दिवस वाट बघतेय, हा माणूस तोंड उघडेल म्हणून. तू सांगू नकोस, तुला अडचण होईल. नको म्हणालाय ना?"

मी टपालपिशवीच्या कुलपाकडे बघितलं. तेवढं तिला पुरलं.

"नवरा सर झाला की बायको आपोआप लेडी होते," ती म्हणाली. "काही न करता. म्हणजे काही केलं असेल तरी तेवढंच." तिनं डोळे चोळले. "आणि मला ते हवंय, नॅरेल. हसायचं तर हस. माझी बहीण थेल्मा, ॲडलेडला असते, बँक मॅनेजरची बायको, ती एकतीस वर्षं सांगत फिरतेय की आमची इल्मा वाळवंटात गवत मोजते. पाकिटावर तिला एकदा लेडी लिहावं लागलं असतं."

मी हसले नाही.

साडेबाराला आम्ही तिघं जेवायला बसलो. थंड मटण आणि बीट. इल्मानं ते पाकीट वॉलच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"तुझं पत्र. तिकीट लावायचं राहिलंय."

"इल्मा, ते खाजगी आहे."

"म्हणूनच उघडलं नाही."

वॉलनं माझ्याकडे पाहिलं. मी बीट कापत राहिले. बाहेर टपालाच्या ट्रकनं भोंगा वाजवला.

"तुला..." वॉल अडखळला. "तुला काय वाटतं?"

"एकतीस वर्षांत आज विचारतोयस, आणि बाहेर ट्रक उभा आहे."

"विचारतोय ना पण!"

"मला हवंय," इल्मा म्हणाली.

वॉलनं मिठाची बरणी उचलली आणि परत ठेवली. दुसरा भोंगा झाला. "ते लोक माझा जीव खातील गं," तो म्हणाला.

"खातील. मी एकतीस उन्हाळे पानं मोजली. तू पबमध्ये थोडं सोस."

त्यानं पाकीट दोनदा फाडलं. "नॅरेल, दुसरं टाइप कर. चारच ओळी. मी तोवर ट्रकवाल्याला चहा पाजतो."

जूनमध्ये यादी आली. पबवाल्यानं गव्हाच्या काडाचा मुकुट करून ठेवला होता. वॉलनं तो मुकाट्यानं डोक्यावर घेतला. दोन आठवडे मेंढ्या कातरणारे त्याला ग्लास देताना वाकायचे; तिसऱ्या आठवड्यात त्यांनाच कंटाळा आला.

थेल्माचं पत्र जुलैत आलं, अभिनंदनाचंच असणार. इल्मानं पिशवी टेबलावर उलटी केली आणि ते पाकीट बाजूला काढलं. वरती ठसठशीत लिहिलं होतं, 'श्रीमती पेंगिली'. ती ते धरून बसून राहिली. साठ वर्षांची बाई, बोटांना पानांचा हिरवा डाग.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली.

वॉल दारात उभा होता. आत येऊन त्यानं पाकीट वाचलं. "परत पाठव," तो म्हणाला. "या नावाची बाई इथं राहत नाही, असं लिहून."

इल्मानं पेन्सिल घेतली आणि वह्यांतल्या त्याच बारीक, सरळ अक्षरात ते वाक्य पाकिटावर लिहिलं. मग न उघडता ते गुरुवारच्या पिशवीत टाकलं, कुलूप लावलं आणि मला म्हणाली, "चल, सतराव्या ओळीपासून. मी सांगते, तू लिही."