भरली गाडी, रिकामी गाडी

“या टेबलावर कादंबरी झाली नाही ना, तर मिशा उतरवीन मी,” असं म्हणत नवऱ्यानं शेवटचा स्क्रू पिळला आणि टेबलावर थाप मारली. टेबल डुगडुगलं.

“मिशांना उगाच कशाला मध्ये आणता?” बाई हळूच म्हणाल्या. “आधी पायाखाली पुठ्ठा घाला.”

पुठ्ठा घातला गेला. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली कोऱ्या कागदांचा गठ्ठा, बाजूला टोक काढलेल्या पेन्सिली. नवरा जन्मभर शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. मांडणी बिनचूक केली की निकाल आपोआप येतो, अशी त्याची श्रद्धा. रिटायर झाल्यापासून मांडायला काही मिळालं नव्हतं. त्यामुळे बायको एके दिवशी भाजी निवडता निवडता “मला दादावर कादंबरी लिहायचीय” असं म्हणाली, तेव्हा तिच्यापेक्षा यालाच जास्त चेव चढला. त्यानं दारावरची घंटा बंद केली. सुनेला कुकरच्या शिट्ट्यांबद्दल तंबी दिली.

“बाबा, कुकर काय मला विचारून शिट्टी देतो का?” सून म्हणाली.

“मग भात पातेल्यात लाव. घरात कादंबरी चाललीय.”

बाई गावाबाहेर, गोदामांच्या रस्त्यावर, वजनकाट्यावर कामाला होत्या. काचेची लहानशी केबिन, समोर जमिनीत बसवलेला ट्रकभर लांबीचा लोखंडी काटा. माल भरलेली गाडी आली की तिचं वजन घ्यायचं. गोदामात माल उतरवून ती रिकामी परत आली की पुन्हा घ्यायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो माल. केस काळ्याचे पांढरे झाले, पण काम बदललं नाही.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. ट्रक चालवायचा. ऐन तरुणपणी उतारावर गाडी उलटली आणि तो गेला. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. मागे फोटो राहिला तो लायसन्सवरचा, आणि त्यात तो दुसराच कुणीतरी वाटायचा. पुढे आई गेली, वडील गेले. दादाला पाहिलेली, त्याच्याशी बोललेली माणसं आता दोनच उरली होती, बाई आणि त्यांचा नवरा. आपण दोघं गेलो की दादा कुठेच असणार नाही, हा विचार अलीकडे त्यांना सकाळी देवापुढे हात जोडून उभं राहिल्यावरही सोडत नसे. म्हणून कादंबरी. कादंबरीत माणूस राहतो, असं त्यांना वाटायचं.

साठलेली रजा काढून बाई टेबलाशी बसल्या.

पहिल्या दिवशी खिडकीबाहेरच्या झाडाचं वर्णन झालं. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर पक्षी आले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला वाटलं, उजेड चुकीच्या बाजूनं येतोय. टेबल फिरवलं. मग गच्चीवरच्या खोलीत नेलं. तिथं ऊन लागायला लागलं म्हणून खाली आणलं. वाचनालयातही बसून झालं. तिथं इतकी शांतता होती की बाईंना आपलाच श्वास आगाऊ वाटायला लागला. शेवटी पुन्हा खिडकीखाली येऊन त्यांनी दादाचं पान लिहिलं आणि भीत भीत नवऱ्यापुढे ठेवलं.

नवऱ्यानं चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, “त्याचे डोळे सागरासारखे खोल होते.” मग चष्मा काढला. “हा कोण गं?”

“दादा.”

“तुझ्या दादाचे डोळे? अगं, हसला की त्याचा एक डोळा मिटायचा आणि दुसरा अर्धा. सागर कुठला आणलास त्यात?”

सून दारात उभी राहून ऐकत होती. “आई, खरंच तसे हसायचे दादामामा?” तिनं विचारलं. तिनं दादाला कधी पाहिलं नव्हतं.

“हो गं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते पान फाडलं. इतक्या हळू फाडलं की नवऱ्याला टेबलाचं वाईट वाटलं.

रजा अर्धी टाकून त्या कामावर परतल्या.

रोज सकाळी केबिन उघडण्याआधी बाई स्वतः काट्यावर उभ्या राहायच्या. काटा जागा आहे की नाही, हे बघण्याची त्यांची ही जुनी रीत. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं मोजायचा, त्यामुळे बाईंचं वजन वर्षानुवर्षं पन्नासच दिसायचं. आजही केबिनवरच्या पाटीवर लाल आकड्यांत पन्नास उमटलं. बाईंनी काट्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि आत जाऊन बसल्या.

पहिली गाडी आली ती मामांची. मामा म्हणजे सिमेंटची पोती आणणारे जुने ड्रायव्हर. देह डोंगराएवढा, आवाज त्याहून मोठा. सगळ्या रस्त्याचे ते मामा होते.

“काय ताई, झाली का कादंबरी?” त्यांनी खिडकीतून विचारलं. नवऱ्यानं रस्ताभर डांगोरा पिटला होता.

“कसली होतेय! जागाच सापडत नाही.”

“जागा? आमच्या आईनं मला चालत्या बैलगाडीत जन्म दिला. जागा शोधत बसली असती तर मी अजून आतच असतो.”

बाई हसल्या. वजन घेतलं, पावती काढली. गाडी गोदामाकडे वळली, धूळ खाली बसायला लागली, आणि त्या धुरळ्यातून एक वाक्य आलं. ‘दादाच्या गाडीचा दरवाजा आतून उघडत नसे, म्हणून तो हात बाहेर काढून बाहेरची कडी ओढायचा.’

बाई दचकल्याच. समोर बिघडलेल्या पावत्यांचा ढीग होता. एक उलटी करून त्यांनी ते लिहून काढलं. त्याच्यामागून दुसरं आलं. पुढची गाडी काट्यावर चढेपर्यंत पावती भरली होती.

त्या दिवसापासून बाईंनी नेम धरला. एक भरली गाडी, एक पावती. मनात येईल ते कोंबून भरायचं, पोतं फुटलं तरी चालेल. सागर आला तर सागरही. मग ती गाडी रिकामी होऊन परत आली की तीच पावती पुन्हा काढायची आणि जे उगाच आहे ते खोडायचं. उरेल तो माल. जागेचं कोडंही आपोआप सुटलं. इंजिनं धडधडत होती, हॉर्न वाजत होते, कुणी “ओ बाई, झोपलात का?” म्हणून ओरडत होतं, आणि बाईंची पेन्सिल धावत होती. गाड्या कमी आल्या तर त्या हिरमुसायच्या. घरी जाताना डबा एका हातात, पावत्या दुसऱ्या हातात, आणि चाल अशी की नवरा म्हणायचा, “अगं, जरा हळू, गुडघे आपलेच आहेत!”

पावत्या मांडून नवऱ्यानं वाचायला घेतल्या. रस्ते होते, पंक्चर होतं, पावसात ताडपत्री ओढणं होतं, तो उतार होता. सगळं खरं होतं, एकही सागर नव्हता.

“झकास,” तो म्हणाला. मग मिशीवरून हात फिरवत थांबला.

“बोला की.”

“गाडी दिसते. माल दिसतो. तो नाही दिसत गं.”

बाईंनी पावत्या गोळा केल्या. त्यांनाही ते माहीत होतं.

मग तो मंगळवार आला. त्या दिवशी गाड्यांची रीघ लागली होती आणि बाईंना लिहिण्याचा असा काही कैफ चढला होता की पेन्सिल ठेवून पावती काढणंही जिवावर येत होतं. मामा माल उतरवून परत आले, गाडी काट्यावर चढवली आणि पाणी प्यायला खाली उतरले. खिडकीशी येऊन काचेतून डोकावले.

“माझं नाव टाकलंय का कादंबरीत?”

“टाकते, टाकते. देखणा ड्रायव्हर म्हणून.”

“मग खपणार हो पुस्तक!”

बाईंनी हसत हसत बटण दाबलं, पावती निघाली, मामा गेले. थोड्या वेळानं गोदामाच्या कारकुनाचा फोन आला. हा बोलायचा कमी, आणि बोलला की टोचून बोलायचा.

“बाई, पोती आम्ही मोजून घेतली. बरोबर आहेत. तुमच्या काट्यावर मात्र दोन पोती जास्त निघतायत. ती दोन पोती काय मी घरून आणू?”

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी दोन्ही वजनं पुन्हा पाहिली, आणि एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर खिडकीला नाक लावून उभे असलेले मामा आले.

“अगं बाई! मामा मालात गेले!”

“काय?” कारकून म्हणाला.

“भरलेल्या गाडीत मामा आत बसले होते. रिकामीचं वजन घेताना खाली उभे होते. मामांचं वजन मालात धरलं गेलं. ती तुमची दोन पोती!”

कारकून खदखदून हसला. त्याला असं हसताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. “पाठवा परत त्यांना,” तो म्हणाला. “इथं आता जागा नाही ठेवायला.”

मामा चहाच्या टपरीवरून धुसफुसत आले. “मला मालातून काढायला परत बोलावलंत होय? राहू द्यायचं होतं की. कुणी तरी मोजलं असतं मला.”

“बसा आत, मामा. आणि गप बसा.”

मामा आत बसले. बाईंनी वजन घेतलं. आता वजाबाकी बरोबर आली. मामा भरल्या गाडीतही होते, रिकाम्या गाडीतही होते, म्हणून हिशोबातून साफ निघून गेले. बाई त्या बरोबर आलेल्या आकड्याकडे बघत राहिल्या.

दादा गेला तेव्हा कंपनीचा माणूस घरी आला होता. मालाचं काय झालं, हे त्यानं आधी विचारलं. वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माल भिजला नाही, साहेब.” बाई तेव्हा दाराआड उभ्या होत्या.

आणि आपण तरी काय केलं? बाईंच्या मनात आलं. प्रत्येक पावतीत दादाला गाडीतच बसवून ठेवलाय. भरताना आत, रिकामी करताना आत. मग तो उरेल कसा? त्याला गाडीतून उतरवायला हवा.

“मामा,” त्या केबिनमधल्या माईकवरून इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांनी माना बाहेर काढल्या, “मामा, देव तुमचं भलं करो!”

“ताई, बऱ्या आहात ना?” मामा म्हणाले.

बाईंनी नवी पावती ओढली. दादा कोपऱ्यावर गाडी लावायचा आणि हॉर्न द्यायचा, दोनदा, आखूड. आई आतून “आले रे, आले” म्हणत चहाचं आधण ठेवायची, जणू तो चहालाच हाक मारत होता. दारातून तो तिरका होऊन आत यायचा, घराचा दरवाजा ट्रकपेक्षा रुंद आहे हे त्याला कधी पटलंच नाही. खुर्चीवर बसला तरी त्याचा उजवा पाय फरशीवर ब्रेक शोधत असायचा. बाईंच्या वेणीचा तो हॉर्न करायचा. हसला की एक डोळा मिटायचा आणि दुसरा अर्धा.

मागची गाडी बोंबलत होती. बाईंनी वजन घेतलं, पावती दिली, आणि पुन्हा लिहायला लागल्या. गाल ओले झाले होते, आणि पेन्सिल थांबत नव्हती.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं पावत्या वाचल्या. एका ठिकाणी तो थांबला आणि त्यानं स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

“आला गं,” तो म्हणाला. “मेव्हणा आला.”

सून म्हणाली, “बाबा, पुढची द्या ना इकडे.”

टेबलही वाया गेलं नाही. नवरा त्यावर बसून पावत्यांवरून स्वच्छ प्रत उतरवायला लागला. घंटा बंद, दिवा लावलेला, पेन्सिलींना टोकं. अक्षर प्रयोगवहीसारखं. “वाचलात मिशांसकट,” बाई त्याला म्हणाल्या. असं करत करत बरेच महिने गेले, आणि एका रविवारी शेवटची पावती उतरवून झाली.

सोमवारी बाई ती प्रत कापडात बांधून कामावर घेऊन गेल्या. गठ्ठा चांगला जाडजूड झाला होता. केबिन उघडली नव्हती तोच मामा गाडी लावून खाली उतरले.

“हे काय, कादंबरी? बघू, ठेवा काट्यावर!”

बाईंनी गठ्ठा काट्याच्या मधोमध ठेवला. वरच्या पाटीवर शून्य होतं ते शून्यच राहिलं.

मामांचं तोंड पडलं. “काहीच दाखवत नाही हो.”

“एवढ्याशाला तो हलत नाही, मामा. गाड्या मोजणारा काटा आहे तो.”

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी चप्पल काढली, काट्यावर चढल्या आणि गठ्ठा उचलून छातीशी धरला. पाटी त्यांच्या पाठीमागे होती.

“किती, मामा?”

मामांनी डोळे बारीक केले. “साठ.”

“नीट बघा.”

“साठच! ताई, तुम्ही तर रोज पन्नास असता. वजन वाढलं की तुमचं!”

“माझं नाही, मामा.”

मामा आणखी काहीतरी थट्टेचं बोलणार होते, पण त्यांनी टोपी काढली. रस्त्यावर दिवसाची पहिली रांग लागायला लागली होती. मागून कुठल्या तरी गाडीनं हॉर्न दिला. दोनदा, आखूड.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. गठ्ठा सांभाळत, लोखंडावर अनवाणी उभ्या राहून त्या म्हणाल्या,

“आले रे, आले.”