मामाच्या गळ्यातला टाय

नेहाने उजवी मूठ ओढणीत लपवली आणि सरलाबाईंची नजर तिकडे गेली.

धारच्या मॅरेज गार्डनमधली ती खोली भट्टीसारखी तापली होती. मे महिना, त्यात कूलर बंद पडलेला. रिसेप्शनचा नवरदेव, नेहाचा मामा तरुण, आरशासमोर उभा होता. पांढऱ्याशुभ्र शर्टावर क्रोशाने विणलेला डाळिंबी टाय. नेहाच्या पणजोबा कृष्णरावांच्या जुन्या फोटोत होता तसाच, अरुंद आणि खाली चौकोनी टोकाचा. तो त्याच्या भाचीने, तेरा वर्षांच्या नेहाने विणला होता, देवासला तिला क्रोशा शिकवणाऱ्या सरलाबाईंच्या घरी बसून.

तरुणची आई सुभद्राबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पोरीच्या हातचा टाय घालून स्टेजवर जाणार? लोक हसतील." तरुणने ऐकलं नव्हतं. "माझी भाची विणेल तोच घालणार," म्हणाला होता.

बाईंनी ओढणी अलगद बाजूला केली. आत्ताच मामाला टाय बांधून दिलेली नेहाची बोटं गुलाबी झाली होती.

"हे काय गं?"

"मेंदी."

"मेंदी गुलाबी असते होय?"

टाय गळ्यापर्यंत विणून झाला आणि दोरा संपला, तेव्हा नेहाने बाजारातून दोऱ्याची दुसरी गुंडी आणली होती. नवा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का बघायचा, हे बाईंनी तिला किती वेळा सांगितलं होतं. तिने घासला नव्हता. आता तोच दोरा मामाच्या घामेजल्या गळ्याभोवती होता.

"बाई, प्लीज, सांगू नका," ती कुजबुजली. "कोटात दिसणार नाही. आजीला तर नावं ठेवायला हेच हवंय."

"मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "तू सांग."

नेहाने मूठ पुन्हा ओढणीत घेतली.

बाई तिथल्या तिथे बोलू शकत होत्या. पण मग ती त्यांनी पकडलेली चोरी झाली असती. तरुणला दारापर्यंत जाऊ द्यायचं, तोवर नेहा स्वतः बोलते का बघायचं, त्यांनी ठरवलं. दाराबाहेर नाही.

तरुणने रुमालाने मान पुसली. रुमाल न बघताच खिशात कोंबला.

"दूल्हे राजा, जल्दी करो भिया!" फोटोवाला बाहेरून ओरडला. "सब स्टेज पे वेट कर रहे हैं!"

"आया, आया!" तरुणने कोट चढवला, बटण लावलं. सुभद्राबाई आत आल्या, त्याच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "चल आता."

तरुण दाराकडे निघाला. नेहा भिंतीला चिकटून उभी. त्याचा हात कडीवर गेला, बाईंनी तोंड उघडलं...

"मामा!"

तो वळला.

"टाय काढ. रंग जातोय त्याचा."

"मजाक मत कर, छोटी."

तिने मूठ उघडून पुढे केली. सुभद्राबाईंनी झटकन त्याची कॉलर उचलली. आतून गुलाबी पट्टा उमटला होता.

"म्हटलं नव्हतं मी? बाजारात काय टाय मिळत नव्हते?"

"माझीच चूक आहे, आजी," नेहा म्हणाली. "दोरा बघून घेतला नाही मी. बाईंनी सांगितलं होतं, तरी."

तरुणने टाय सोडवला, कॉलर खाली दाबली. डाग झाकला गेला. टाय त्याने तिच्या हातात ठेवला.

"आधी सांगायचंस गं," एवढंच म्हणाला आणि उघड्या गळ्याने निघून गेला. मागोमाग सुभद्राबाई.

बाहेर बँड सुरू झाला. नेहाने डोळे पुसले.

"बाई, मिठाच्या पाण्यात टाकला तर?"

"एवढा कच्चा रंग मिठाने नाही गं पक्का होत. दुसरी गुंडी लावलीस तिथपर्यंत उसवावं लागेल."

नेहा खाली बसली. अरुंद टोकाची गाठ तिने दातांनी सोडवली आणि दोऱ्याचं टोक बाईंच्या हातात दिलं.

"तुम्ही गुंडाळा. मी ओढते."

एकेक ओळ सुटत गेली.

"मामा परत घालेल का हो?"

"ते त्याला विचार," बाई म्हणाल्या. "पण विणून झाल्यावर."