तीस दिवसांचा कोंडवाडा

पॅसिफिकमधल्या न्युए बेटावरच्या आमच्या गावात घरं साठ आहेत आणि चुली पेटतात एकवीस घरांत. बाकीची माणसं न्यूझीलंडला, ऑकलंडला गेली. जाताना सगळे म्हणतात, दोन वर्षांत परत येतो. मी आता कुणाला तारीख विचारत नाही.

टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा सभागृहाच्या मागच्या खोलीत एका जुन्या संगणकावर मी गावाचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. सॉफ्टवेअर फुकटातलं आणि खुलं, म्हणजे आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं. गावात मी एकटाच उघडून बघणारा, ही गोष्ट वेगळी. सगळ्या गावाला पत्ते मीच दिले. लोक मला ‘पोस्टमास्तर’ म्हणायचे. मी वरवर चिडायचो, पण मला ते आवडायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या वर्षी लेपेकानं, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं, कसलंसं खोटं बिल उघडलं. तासाभरात तिच्या पत्त्यावरून अख्ख्या गावाला पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात गेली. पाद्रीबाबांना दोनदा.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सभा बसली.

“भावोजी, देवाशप्पथ मी काही पाठवलं नाही!” लेपेका रडकुंडीला आलेली. “मला तर साधं ‘कसे आहात’ लिहायला अर्धा तास लागतो.”

“गोळ्यांचं बरं पटकन लिहिलंस,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसली.

पाद्रीबाबा हसले नाहीत. “कुपा, तुमच्या त्या मशीनला दार आहे की नाही?”

मला ते लागलं. चाळीस वर्षं मी या बेटाच्या तारा सांभाळल्या, आणि मला दार विचारतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच खोलीत जाऊन बसलो.

व्हायरस शोधणारा पहारेकरीही फुकटच मिळतो. पण फुकट असला तरी खादाड. रोज नव्या रोगांची यादी उतरवून घेतो आणि ती सगळी डोक्यात ठेवून बसतो. आमच्या म्हाताऱ्या मशीनला ते झेपेना. सुरू केला की पाच मिनिटांत आडवा. शेवटी शाळेतल्या दोन मेलेल्या संगणकांची मेमरी काढून याच्यात बसवली, तेव्हा तो तग धरून उभा राहिला. त्याची परीक्षा घ्यायला एक लुटूपुटूचा व्हायरस असतो, नुसती अक्षरांची ओळ, कुणालाही काही करत नाही. ती मी मलाच पाठवली. पहारेकऱ्यानं ती वाटेतच पकडली. मी खोलीत एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

मग नियम लिहायला बसलो आणि पाद्रीबाबांचा राग प्रत्येक नियमात उतरला. पकडलेलं पत्र वेगळ्या कप्प्यात टाकायचं. त्या कप्प्याला मी कोंडवाडा नाव दिलं. पाठवणाऱ्याला कळवायचं नाही, घेणाऱ्यालाही नाही, उगाच बायाबापड्या घाबरतात. डिस्क लहान, म्हणून तीस दिवसांनी कोंडवाडा आपोआप साफ. आणि पासवर्डचं कुलूप घातलेली फाइल आली तर? पहारेकऱ्याला आत डोकावता येत नाही. ‘अशी फाइल अडवायची का?’ या नियमापुढे मुळात ‘नाही’ होतं. मी ते पुसून ‘हो’ लिहिलं. जे उघडून दाखवत नाही ते विषारी धरायचं.

त्या दिवशी मला मोका आठवली नाही, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मोका माझी मुलगी. ऑकलंडला असते. पूर्वी तिची पत्रं कुलूप लावूनच यायची आणि ते मीच तिला शिकवलं होतं. आमच्याकडे सभागृहातल्या एकाच संगणकावर सगळं गाव पत्रं वाचतं, पाठीमागे चारजण उभे असतात. “घरातलं बोलणं झिपमध्ये घाल, वर कुलूप लाव,” मी सांगायचो, “नाहीतर तुझं पत्र माझ्याआधी लेपेका वाचेल.” पासवर्ड तिच्या आईचं माहेरचं नाव.

तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली. दफन झालं त्या दुपारी मोका सगळ्यांसमोर म्हणाली, “आईला वेळेवर उपचारांना ऑकलंडला नेलं असतं तर ती जगली असती. तुम्ही तुमच्या हट्टापायी मारलंत तिला.” मी म्हणालो, “या घरात परत पाऊल ठेवू नकोस.” ती पुढच्याच विमानानं गेली. त्यानंतर पत्र नाही की फोन नाही. मी का करायचा फोन? बोलली ती होती. तिनं एकदा चुकलं म्हणावं, एवढीच माझी अट. पण मला तिची फार आठवण यायची, नात लोसाची त्याहून जास्त.

यंदा लोसाला तेरावं लागलं. म्हणजे कान टोचायचे. आमच्यात मुलीचे कान टोचणं ही लग्नाइतकी मोठी गोष्ट. मोकाचे याच अंगणात टोचले होते. मी मनाशी म्हटलं, आता तरी पोरीला लिहावंच लागेल. पंगतीच्या हिशेबानं फेब्रुवारीत अळूचे तीनशे कंद लावले. लेपेकानं विचारलं, “एकट्याला एवढे?” मी म्हटलं, “भूक वाढलीय.”

मार्चपासून मी रोज पेटी उघडून बघत होतो. नळदुरुस्तीची सूचना, प्रार्थनेच्या वेळा, एवढंच असायचं. मे गेला, जून गेला. मी तिला मनातल्या मनात खूप बोललो. आईवर गेली नाही, माझ्यावर गेली, असंही म्हटलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लेपेका ऑकलंडहून परतली. दुसऱ्या एका भाचीचं बाळंतपण करायला गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली.

“भावोजी, तुम्ही माणूस आहात की दगड?”

“काय झालं आता?”

“पोरीनं चार पत्रं लिहिली. चार! तुम्ही एकाचं उत्तर दिलं नाहीत. मागच्या शनिवारी लोसाचे कान टोचले तिकडेच, एका भाड्याच्या हॉलमध्ये. आजोबांची खुर्ची मांडली होती. पोर सारखी दाराकडे बघत होती.”

“मला एकही पत्र आलेलं नाही.”

“मग गेली कुठं ती? समुद्रात?”

ती कुठं गेली ते मला त्याच क्षणी कळलं. चप्पल न घालताच मी सभागृहाकडे गेलो.

पहारेकरी रोजच्या कामाची नोंद ठेवतो. तीत मोकाचा पत्ता चार वेळा होता. बारा मार्च, नऊ एप्रिल, वीस मे, दोन जुलै. चारींपुढे एकच शेरा: कुलूपबंद, अडवलं. कोंडवाडा उघडला तर त्यात फक्त शेवटचं शिल्लक होतं. पहिली तीन माझ्याच नियमानं, तीस दिवस भरल्यावर, पुसली गेली होती. माझ्यापासून दोन हात अंतरावर तीस-तीस दिवस पडून होती ती, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून रिकामी पेटी बघत होतो.

उरलेलं पत्र उघडलं. चारच ओळी. ‘बाबा, हे शेवटचं विचारते. लोसाचे कान वीस तारखेला टोचतोय. पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. पण या.’

मी फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“मोका, मी बोलतोय.”

“बोला.”

मी सगळं सांगितलं. पहारेकरी, कुलूप, कोंडवाडा, तीस दिवस. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं.

“म्हणजे तुम्ही वाचलंच नाहीत?” ती म्हणाली. “पहिलंसुद्धा?”

“नाही गं. काय होतं त्यात?”

“आईबद्दल होतं. मी त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल.”

मी जमिनीवरच बसलो. “परत पाठव. पाठवलेल्या पत्रांत असेल तुझ्याकडे.”

“नाही. तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा लाज वाटली. मी पुसून टाकलं.”

“मग आता सांग ना. तोंडी सांग.”

“बाबा,” ती म्हणाली, “तोंडी सांगता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं?”

मलाही तिला सांगायचं होतं, की मीही चुकलो. ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. आम्ही दोघं फोन कानाला लावून बसून राहिलो. ठेवला मात्र कुणीच नाही.